दहा मिनिटांचं व्हिएन्ना

अनयाच्या ऑर्केस्ट्राचा ईमेल आला तेव्हा मी भेंडी परतत होते. जूनच्या शेवटी अकरा दिवसांचा दौरा: लाइपझिग, प्राग, व्हिएन्ना. सकाळी रिहर्सल, दुपारी म्युझियममध्ये चित्रांचा अभ्यास, तिन्ही शहरांत एकेक कार्यक्रम. मुलांबरोबर दोन पालक लागतील, इच्छुकांनी फॉर्म भरावा. मी गॅस बारीक केला आणि चार मिनिटांत फॉर्म भरून पाठवूनही दिला. ‘तुम्हाला का यायचं आहे?’ या प्रश्नाला मी एवढं लांबलचक उत्तर लिहिलं की शेवटच्या दोन ओळी त्या चौकोनात मावेनात. भेंडी करपली ती करपलीच.

आठ दिवसांनी माझी निवड झाल्याचं कळलं. मी जेवताना ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. अनया, आमची पंधरा वर्षांची एकुलती एक, ताटातून मान वर न काढता "ओके" म्हणाली. माझ्या नवऱ्याने, शंतनूने, मात्र हातातला घास तसाच धरला.

"नीलू, तुझा स्टॅम्प?"

आम्ही दोघंही कामाच्या व्हिसावर आहोत. अमेरिकेत राहायचे कागद पक्के आहेत, पण पासपोर्टातला शिक्का केव्हाच संपला आहे. देशात आहोत तोवर काही बिघडत नाही. एकदा का बाहेर पाऊल टाकलं, की परत शिरायला नवा शिक्का हवा, तो भारतात जाऊन घ्यायचा, आणि त्याची तारीख सध्या मिळत नाही. मिळाली तरी ऐन वेळी पुढे ढकलतात. शंतनूचा मित्र अमेय बहिणीच्या लग्नाला म्हणून पंधरा दिवसांसाठी गेला आणि सात महिने ठाण्याला अडकून पडला. नोकरी गेली, जर्सी सिटीतल्या त्याच्या घरातलं सामान आम्हीच खोक्यांत भरलं. ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही तेरा वर्षं उभे आहोत आणि रांग गोगलगायीला लाजवेल अशी सरकते आहे. अनयाचा जन्म इथला. तिचा पासपोर्ट निळा. ती वाटेल तिथे जाऊ शकते.

आमच्यातलं कुणी झोपेतसुद्धा ती शिक्क्याची तारीख विसरत नाही. लग्नाचा वाढदिवस विसरेल, आईचं श्राद्ध विसरेल, ही तारीख नाही. मी विसरले. एरवी मी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम सांभाळते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. फॉर्म भरताना त्या चार मिनिटांत माझ्या डोक्यात ना व्हिसा होता, ना नोकरी, ना नवरा. नुसतं चित्र होतं.

दुसऱ्या दिवशी मी नकार कळवला. ‘कौटुंबिक कारणामुळे’ असं लिहिलं. खरं कारण लिहायची लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा राग आला तो वेगळाच.

त्या चित्राबद्दल आता सांगायलाच हवं. मी नागपूरची. तिथे चित्रकलेच्या कॉलेजात आम्हाला कलेचा इतिहास शिकवायला खानझोडे सर होते. सर स्वतः कधी नागपूर-मुंबईपलीकडे गेले नव्हते, पण युरोपातलं कुठलं चित्र कुठल्या दालनात आहे हे गल्लीतल्या घरांसारखं सांगायचे. एप्रिलच्या भर दुपारी खिडक्यांना काळे कागद लावून, कूलरच्या घरघरीत ते स्लाइड दाखवायचे. अशाच एका दुपारी भिंतीवर बर्फ आलं. ब्रॉयगेलचं चित्र. तीन शिकारी पाठमोरे, खांदे पडलेले, मागे कुत्र्यांचं लटांबर, आणि समोर उतारावर आख्खं गाव गोठलेलं. खाली हिरवट तळ्यावर माणसं घसरत खेळताहेत. बाहेर पंचेचाळीस अंश होते आणि माझ्या हातावर काटा आला. सर म्हणाले, "पोरांनो, स्लाइडवर विश्वास ठेवू नका. हा रंग असा नाही. खरा कसा आहे ते मलाही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी गेलं, तर मला पत्र टाका."

मी मनात ठरवून टाकलं की ते पत्र मी टाकणार. एकवीस वर्षांची होते, ठरवायला काय जातं! मग लग्न झालं, शंतनूबरोबर इथे आले. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती तेव्हा घरी बसून टेस्टिंग शिकले, कारण चित्रकाराला व्हिसा कोण देतो? सर सहा वर्षांपूर्वी गेले. पत्र राहिलं.

ब्रॉयगेलने अशी ऋतूंची बहुतेक सहा चित्रं काढली होती. पाच उरली आहेत. तीन व्हिएन्नात, हे बर्फाचं त्यातलंच, एक प्रागमध्ये आणि एक चक्क न्यूयॉर्कमध्ये, आमच्या घरापासून पाऊण तासावर. त्यात उन्हाळा आहे, पिवळं धमक शेत, झाडाखाली पाय पसरून आडवा झालेला एक मजूर. मी ते इतक्या वेळा पाहिलंय की तिथला एक पहारेकरी मला मान डोलावून नमस्कार करतो. सुंदर चित्र आहे, वाद नाही. पण मला बर्फाचं हवं होतं. दुधाची तहान ताकावर किती वर्षं भागवायची?

माझ्या जागी पालक म्हणून विनीता काकू गेल्या. काकू जवळच पिस्कॅटवेला राहतात, निवृत्त भूलतज्ज्ञ, इथे येऊन पंचेचाळीस वर्षं झाली. त्यांची नात अंतरा अनयाच्याच ऑर्केस्ट्रात बासरी वाजवते; अनया व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. "अगं, मी व्हिएन्नाला चार वेळा गेलेय," काकू मला फोनवर म्हणाल्या. "तिथे एक भारतीय हॉटेल आहे, साबुदाणा खिचडी सोडून सगळं मिळतं." मी विचारलं, "काकू, ते बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र पाहिलंत?"  "पाहिलं असेल गं. खूप चित्रं होती." मला फोन आपटावासा वाटला. माणूस प्रेमळ आहे, डोहाळजेवणापासून अनयाच्या बारशापर्यंत सगळं त्यांनी केलंय. तरीही वाटला.

मग मी अनयाला तयार करायला घेतलं. मी जाणार नसले तरी माझ्या पोटची पोर जाणार होती. तिचे डोळे माझ्याच वळणाचे आहेत असं सगळे म्हणतात. मी ऑफिसात करते तसाच एक तक्ता केला. एका बाजूला काय बघायचं, दुसऱ्या बाजूला ‘दिसलं’ किंवा ‘नाही दिसलं’. सराईची पाटी एकाच कडीवर लोंबते आहे का. पुलावरच्या बाईच्या डोक्यावर मोळी आहे, तिचा तोल कुठल्या बाजूला. किती कुत्र्यांच्या माना खाली आहेत. बर्फ पांढरं आहे की पिवळसर, आणि तळ्याचा हिरवा आकाशाच्या हिरव्याशी जुळतो का. एकूण त्रेचाळीस ओळी झाल्या.

अनयाने तक्ता फोनवर वर-खाली सरकवून पाहिला.

"आई, सीरियसली? फॉर्टी-थ्री?"

"एकेकाला पंधरा सेकंद धर. अकरा मिनिटांत होईल."

"इट्स अ ट्रिप, आई. मी वाजवायला चाललेय. माझा व्हायोलाचा सोलो पार्ट आहे लाइपझिगमध्ये. तू त्याचं काही विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. चूक दाखवली की मान्य करायची असते, हे मी टीममधल्या पोरांना रोज सांगते. अनयाला मात्र म्हणाले, "चित्र बघता येत नसेल तर संगीत काय डोंबल कळणार आहे?"

ती उठून उभी राहिली. आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं.

"तुला जायचं होतं. यू कान्ट, सो यू आर सेंडिंग मी. आय डोन्ट इव्हन केअर अबाउट दॅट पेंटिंग."

खोलीचं दार लागलं. शंतनू सोफ्यावरून म्हणाला, "जाऊ दे ना यार तिला सुखाने. तिची पहिली ट्रिप आहे." मी त्याच्यावरही ओरडले. त्या रविवारी घरात कुणाशी कुणी बोललं नाही, आणि मी एकटीच न्यूयॉर्कला जाऊन त्या पिवळ्या शेतासमोर तासभर बसले. मला माझ्या मुलीचा हेवा वाटत होता. ही गोष्ट मोठ्याने म्हणायला फार जड जाते, पण तसंच होतं. मी घाम गाळून तिचे व्हायोलाचे क्लास चालवले, दर शनिवारी बर्फात गाडी हाकली, आणि आता तिला सहज मिळतंय म्हणून माझा जळफळाट होत होता.

निघायच्या आदल्या दिवशी मीच तिच्या खोलीत गेले. बॅग उघडी होती, तिने मेतकुटाचा डबा न सांगता आत ठेवला होता. मी तक्ता मागे घेतला. म्हणाले, "एकच कर. व्हिएन्नात त्या चित्रासमोर उभी राहा आणि मला व्हिडिओ कॉल लाव. दहा मिनिटं. बोलू नकोस हवं तर. नुसता फोन हळूहळू फिरव."

तिने माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा बहुधा फार दयनीय झाला असावा.

"दहा मिनिटं. प्रॉमिस," ती म्हणाली. आणि मग हळूच, "आई, तू रडू नको."

लाइपझिगहून तिने तिच्या सोलोचा बारा सेकंदांचा तुकडा पाठवला. चर्चमध्ये वाजवलेला, सूर उंच कमानींत फिरून परत येत होता. मी तो कितीदा ऐकला ते सांगत नाही. प्रागहून आले ते गोल केकचे फोटो, नदीचे फोटो, अंतराच्या नव्या टोपीचे फोटो. प्रागमधलं गवत कापणीचं चित्र त्यांच्या यादीतच नव्हतं. मी जीभ चावून गप्प बसले. काकूंचे निरोप मात्र नियमित यायचे: "पोरं जेवली. पाऊस आहे. तुझी अनया फार शहाणी आहे."

व्हिएन्नाचा दिवस गुरुवार होता. तिथे दुपारचे चार, म्हणजे आमच्याकडे सकाळचे दहा. मी अर्धी रजा टाकली. टीममधल्या पोराला सांगितलं, डॉक्टरकडे जायचंय. पहाटेच उठून न्हाले, इस्त्रीचा कुर्ता घातला. शंतनूने फोन टीव्हीला जोडून दिला, पडदे ओढले, आणि चिडवायचा मोह आवरून चहा करायला गेला. तेविसाव्या मजल्यावरच्या त्या भाड्याच्या घरात मी सोफ्याच्या टोकाला अशी बसले होते, जशी मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात बसले होते.

दहा वाजून आठ मिनिटांनी फोन वाजला.

"हाय आई. आलेय मी. वेट, खूप लोक आहेत."

टीव्हीवर आधी संगमरवरी जिना हलला, मग लोकांच्या पाठी, कुणाची तरी लाल बॅग. आणि मग सोनेरी चौकटीचा कोपरा आला. 

"थांब. तिथेच थांब. आता डावीकडून सुरू कर. शिकारी दाखव. हळू गं, हळू!"

ती फिरवत होती. पण चित्र दिसेना. वरच्या दिव्याची चमक काचेसारखी मधे येत होती, रेंज कमी-जास्त होत होती, कुत्र्यांचे नुसते चौकोनी ठिपके झाले होते. माझ्या फोनमध्ये याहून बरा फोटो आहे. "जवळ जा," मी म्हणाले. ती गेली. कुणीतरी तिला मागे व्हायला सांगितलं. "वर घे. झूम कर. ती पाटी दाखव, सराईची. नाही, त्याच्या डावीकडे. अनया, हात का हलतोय तुझा? तळं दाखव. तळ्याचा रंग कसा आहे? हिरवा आहे की राखाडी? अगं सांग ना."

 टीव्हीवरचं चित्र हळूहळू खाली घसरलं. आधी भिंत आली, मग लाकडी फरशी, मग तिचे बूट, एकाची नाडी सुटलेली.

"अनया? फोन खाली गेलाय."

तिचा श्वास ऐकू येत होता.

"आई," ती म्हणाली. "दे आर सो टायर्ड."

"कोण?"

"हे तिघं. त्यांना काहीच नाही मिळालेलं ना? एवढुसा एक कोल्हा. आणि खाली सगळे खेळतायत, आणि यांना अजून एवढं उतरून जायचंय." ती थांबली. मग म्हणाली, "आई, मी कॉल कट करू? मला बघायचंय. असं फोनमधून नाही बघता येत मला."

टीव्हीच्या कोपऱ्यात मिनिटं दिसत होती. चार झाली होती. माझी सहा शिल्लक होती. प्रॉमिस केलं होतंस, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. वीस वर्षं थांबलेय, तुला सहा मिनिटं जड झाली का, हेही आलं. मी फक्त म्हणाले, "एकदा, एकदाच वर धर."

तिने धरला. चमक, ठिपके, हिरवट काहीतरी.

"बरं. कर कट," मी म्हणाले.

तिने केला. लगेच केला, एक क्षणही रेंगाळली नाही. टीव्हीवर सिनेमांच्या जाहिराती आल्या. शंतनू चहाचे कप घेऊन बाहेर आला आणि विचारू लागला, "काय झालं, नेटवर्क गेलं?" मी मान हलवली.  तो शेजारी बसला, कप खाली ठेवले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी रडले. चित्र हुकलं म्हणून रडले, हे खरंच आहे. त्यात आणखी काय काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्रेचाळीस ओळींमध्ये मी कुत्र्यांच्या माना मोजायला लावल्या होत्या आणि ती माणसं दमलेली आहेत एवढं लिहायचं मला सुचलं नव्हतं.

पंचवीस मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. मी झडप घातली. विनीता काकू होत्या, व्हिडिओवर, नेहमीप्रमाणे अर्धं कपाळ आणि छत दाखवत.

"नीलांबरी, अगं तुझी लेक जागची हलत नाहीये. बाकीची पोरं खाली कॅफेत गेली. मी म्हटलं चल, तर मान हलवून नाही म्हणते. बोलतही नाही. बरं नाहीये का तिला?"

"बरी आहे ती, काकू. थांबाल का जरा तिच्यासाठी?"

"थांबते की. मला काय, बसायला बाक आहे." मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं. आवाज एकदम मऊ झाला. "तुला बघायचं होतं ना गं हे चित्र? फॉर्ममध्ये एवढं लिहिलं होतंस, मला त्या ऑर्केस्ट्राच्या बाईंनी सांगितलं. आता गर्दी अजिबात नाही. मी दाखवते तुला. माझा हात हलत नाही, पस्तीस वर्षं सुया टोचल्यात."

आणि त्यांनी फोन वळवला.

खरंच हात हलत नव्हता. रेंजही कुठूनशी चांगली आली होती. दालन रिकामं होतं, दिव्याची चमक या बाजूने पडत नव्हती. चौकट पूर्ण आली. डावीकडची झाडं आली, काळी, स्वच्छ, फांदी न् फांदी. वर पक्षी आला. उजवीकडे दूरचे सुळके आले, आणि त्यांच्यावरचं ते आकाश. त्याचा रंग मी कुठल्याही पुस्तकात पाहिला नव्हता. आणि बरोबर मधोमध, शिकारी, कुत्रे, तळं, सगळं झाकून अनया उभी होती. पाठमोरी. व्हायोलाची पेटी पाठीवर, हात खाली सोडलेले, फोन कुठेच दिसत नव्हता. मान किंचित कलती. मी स्लाइड बघताना अशीच बसायचे, असं माझी मैत्रीण म्हणायची.

शंतनू माझ्या बाजूला पुढे वाकला. आम्ही दोघंही टीव्हीकडे बघत राहिलो.

"अगंबाई, ही मधेच आलीये," काकू कुजबुजल्या. "डोकं येतंय हिचं. थांब, तिला जरा बाजूला व्हायला सांगते."

"नको," मी म्हणाले. "काकू, नको. राहू दे तिला."